दारे

परीक्षा विद्यापीठाने घेतली. निकाल मात्र आजोबांनी लावला, आणि तोही माहीमच्या आमच्या पानवाडीत.

ही गोष्ट १९९९ सालची. मी मुंबईला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. नखाएवढ्या सिलिकॉनवर हजारो विजेची दारे कशी बसवायची, हा विषय मी मोठ्या हौसेने घेतला होता. आम्ही पोरे त्याला ‘व्हीएलएसआय’ म्हणत असू. शनिवारी पालघरला उतरून एस.टी.ने घरी यायचा माझा परिपाठ. एकदा पिशवीतून माझ्या चिपचा नकाशा खाली पडला. हिरवे, तांबडे, निळे पट्टे आणि त्यांची चौकटीदार गुंफण. आजोबांनी तो उचलला, लांब धरून पाहिला आणि विचारले, “ही वाडी कुणाची रे?”

मला हसू आले. पण समजावू लागलो तेव्हा त्यांचा प्रश्न फारसा चुकला नव्हता हे ध्यानात आले. हिरवा पट्टा म्हणजे विजेची वाट. तिच्यावरून तांबडा पट्टा आडवा गेला की तिथे ट्रान्झिस्टर होतो. “म्हणजे पाट, आणि पाटावर दार,” आजोबा म्हणाले. एकाच पाटावर दोन दारे असली, तर दोन्ही उघडल्याखेरीज पाणी पुढे जात नाही. दोन पाट शेजारी काढले, तर कोणतेही एक उघडले तरी भागते. आमचे सारे तर्कशास्त्र एवढ्यावरच उभे होते. वरचे दार टाकीकडे, खालचे निचऱ्याकडे, आणि दोन्ही एकदम उघडी राहता कामा नयेत, हे सांगू लागलो तर त्यांनी मला थांबवले. “राहिली तर पाणी फुकट जाईल. हे काय शिकवावे लागते?”

मग त्यांनी विचारले, “हे हाती कधी येणार?”

“हाती नाही यायचे. कागदावर तपासून गुण देतात.”

“म्हणजे वेल लावायची, पण पान खुडायचे नाही,” ते म्हणाले. “अरे, वेल करपते तेव्हाच कळते पाणी कुठे चुकले ते.”

मला गुण चांगले पडले. ते वाक्य मात्र सलत राहिले.

पुढे मला कळले, की हा विषय असा कोरडा जन्मला नव्हता. १९७८ साली लिन कॉन्वे या बाईंनी अमेरिकेत एमआयटीमध्ये तो शिकवला, तेव्हा विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिपा खरोखरीच तयार होऊन काही आठवड्यांत त्यांच्या हाती पडल्या. कार्व्हर मीड यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९८० साली जगभर गेले. आमच्यापर्यंत त्यातले रंग पोहोचले. पान खुडण्याची रीत वाटेतच राहिली. कागदावरची तार नेहमी आज्ञाधारक असते. खरी तार लांबली की निरोप उशिरा पोहोचवते, आणि एकदा कोरलेल्या सिलिकॉनवर कुदळ चालत नाही.

आता दिवस पालटत आहेत. पवईच्या आयआयटीत आखलेला ‘अजित’ हा प्रोसेसर मोहालीच्या सरकारी कारखान्यात घडला. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून विद्यार्थ्यांचे नकाशेही तिथे जाऊ लागले आहेत. आमच्या शेजारची मुलगी हाच विषय शिकते. परवा ती आपला नकाशा तपासायला घेऊन आली. मोहालीला पाठवायचा होता. रात्रभर झोपली नसावी.

“काका, चिप मुकी निघाली तर?” तिने विचारले.

मी एकेक दार बोटाने तपासत राहिलो. तिच्या त्या भीतीचा मला हेवा वाटत होता. तिला धीर तरी मी कसा देणार? माझी चिप कधी मुकी निघाली नाही. ती निघालीच नाही.