लघूची दोन लेकरं

मराठी माणसाला जन्मभर पुरणारी दोन क्रियाविशेषणे म्हणजे 'लवकर' आणि 'हळू'. पहिले दुसऱ्याने आपल्याला ऐकवायचे, दुसरे आपण दुसऱ्याला. ही दोघे एकमेकांचे तोंडही पाहत नसतील असे आपल्याला वाटते. पण जाणकार सांगतात, दोघे सख्खे भाऊ! मूळपुरुष एकच, संस्कृतातला 'लघु'.

लघु म्हणजे हलका, आणि जो हलका तो चपळ. प्राकृतात 'घ'चा 'ह' होऊन त्याचा 'लहु' झाला. त्याला 'कर' चिकटून थोरला 'लवकर' निघाला. धाकट्याच्या बाबतीत मात्र अक्षरांनीच खुर्च्या बदलल्या. 'लहु'चा झाला 'हलु', आणि त्याचा आपला 'हळू'. हलके पाऊल वाजत नाही, पण न वाजवता चालायचे तर बेताने चालावे लागते. एवढ्यावर पठ्ठ्या चपळाचा संथ झाला! (इंग्रजीतला 'लाइट', म्हणजे दिव्याचा नव्हे, वजनाने हलका तो, याच कुळातला. फुप्फुसाला 'लंग' म्हणतात तेही याच घराण्यातले. छातीत हलके तेवढेच असते म्हणे.)

आम्हा बी. कॉम. वाल्यांना यात नवल वाटू नये. एकाच व्हाउचरच्या दोन नोंदी, एक नावे, एक जमा. अक्षरांची अदलाबदल म्हणाल, तर वाराणसीचे बनारस असेच झाले. आणि आमच्या सेनगावच्या शाखेत तर ती रोजची. "सायेब, सोयाबीनचं लई नुसकान झालं." 'नुकसान'मधल्या 'क' आणि 'स' यांनी जागा बदलल्या. शुद्धलेखनवाल्यांनी खुशाल नाक मुरडावे. आकडा काही त्याने कमी होत नाही.

थोरल्या भावाचे मात्र एक सांगायला हवे. इतर महिन्यांत तो खरोखरच लघु असतो. लवकर म्हणणाऱ्याला बहुधा एस. टी. गाठायची असते. जूनमध्ये त्याचे वजन वाढते. पीककर्जाचा कागद पुढे सरकवत समोरचा म्हणतो, "लवकर करा सायेब, रानातली ओल उडून चालली." बियाणे दुकानात, पैसा आमच्याकडे, आणि ढग कोणाच्याच ताब्यात नाहीत. त्याला मी व्युत्पत्ती सांगत बसत नाही. चष्मा लावतो, सही ताडून पाहतो आणि कागद पुढच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवतो. शिपायाच्या हाती दिला तर तो धाकट्या भावाच्या चालीने जातो.