लाइपझिग ते सैलानी

मलकापूर स्टेशनावर उतरून बुलढाण्याची एसटी पकडली, की मोताळ्यापर्यंत रस्ता काळ्या रानातून सरळ जातो. दोन्हीकडे कपाशी, मधूनमधून तुरीची तासं. मोताळा मागे पडला की अजिंठ्याचे डोंगर आडवे येतात आणि राजूर घाट लागतो. घाट चढून वर आलं की हवा बदलते. थंड हवेच्या या बुलढाण्याला इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं केलं. कचेऱ्या, बंगले, तुरुंग असं सगळं राज्य मग इथून चालू लागलं.

मला जायचं होतं पुढे, पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर. होळीच्या यात्रेत इथे महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून लाखो माणसं येतात, नारळांची मोठी होळी पेटते. यात हिंदूही असतात, मुसलमानही. यात्रा संपली तरी दरबार रिकामा होत नाही. ज्यांच्या घरातलं कोणी एकटंच बडबडतं, झोपत नाही, अंगात आल्यासारखं घुमतं, अशी कुटुंबं वर्षभर येत राहतात. मानसशास्त्राच्या पुस्तकांत मनाचा इतिहास जर्मनीपासून सुरू होतो. आपल्याकडे तो लोकांनी कुठे आणि कसा जगला, हे पाहायचं तर सैलानीला यायला हवं.

दर्ग्याच्या आवारात शिरल्यावर लोबानाचा वास येतो आणि पाठोपाठ आवाज. एक तरुण मुलगी केस मोकळे सोडून जोरजोरात घुमत होती. भोवतालचे लोक वाट करून देत होते, पण कोणी हसत नव्हतं, कोणी दचकत नव्हतं. याला इथे ‘हाजेरी’ म्हणतात. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी बसले तेव्हा तीच बोलू लागली. ‘‘दवाखान्यात नेलं होतं बाई. गोळ्या लिवून देल्ल्या. पन तिले काय होते, हे कोनी बसून इचारलं नाई.’’

त्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. कारण मानसशास्त्राची एक मोठी वाट नेमकी या ‘बसून विचारण्या’तून निघाली आहे. दुसरी वाट मोजण्याची.

1879 मध्ये लाइपझिग विद्यापीठात विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा उघडली. तिथल्या सुरुवातीच्या प्रयोगांचं स्वरूप अगदी साधं होतं. चेंडू पडल्याचा आवाज आला की कळ दाबायची. आवाज ऐकताच कळ दाबली तर साधारण एक दशांश सेकंद लागायचा, आणि ‘आपण आवाज ऐकला’ याची जाणीव झाल्यावर दाबली तर साधारण दोन दशांश. तोवर मन हा मुख्यतः तत्त्वज्ञांच्या चिंतनाचा विषय होता. इथे जाणीव व्हायला लागणारा वेळ घड्याळात पकडला गेला. त्याआधी 1860 मध्ये फेक्नर यांनी बाहेरचा उद्दीपक आणि आतली संवेदना यांचं गणित मांडलं होतं. वुंट यांनी या सगळ्याला घर दिलं, शिष्य दिले, एक वेगळं शास्त्र म्हणून उभं केलं.

पण सैलानीच्या आवारात मला वुंट यांच्याइतकेच फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने आठवत राहिले. 1890 च्या अखेरीस पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात एक गृहस्थ आणला गेला. जाने यांनी त्याला लिखाणात ‘आशिल’ हे नाव दिलं. आपल्या अंगात सैतान शिरलाय, असं तो ओरडून सांगत होता. जाने यांनी त्याला खोटं पाडलं नाही. त्याच्या हातात पेन्सिल दिली, हळूच प्रश्न विचारले, आणि हात नकळत उत्तरं लिहू लागला. मग त्या ‘सैताना’लाच आव्हान देऊन त्यांनी रुग्णाला संमोहित निद्रेत नेलं. तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. प्रवासात असताना त्याच्याकडून बायकोशी प्रतारणा घडली होती, आणि ते कोणाला सांगता येत नव्हतं. संमोहनात बायको क्षमा करते आहे असं दृश्य जाने यांनी त्याच्यासमोर उभं केलं आणि माणूस बरा झाला. अंगातल्या सैतानाच्या जागी तिथे एक न बोललेलं दुःख सापडलं.

हे शास्त्र आपल्याकडे उशिरा आलं असंही नाही. 1916 मध्ये कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. 1922 मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यातच मनोविश्लेषण संस्था स्थापली. व्ही. व्ही. कामतांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. पुणे विद्यापीठात 1950 साली वा. कृ. कोठुरकरांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा राहिला. पण या सगळ्या वाटा शहरांतून गेल्या. घाटावरच्या खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला आलं ते वेड्यांचं इस्पितळ. 1858 च्या कायद्याने वेडसर माणसाला मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने तिथे धाडता येई. नागपूरचं असं इस्पितळ 1864 चं. बुलढाण्याहून नागपूर आजही तीनशे किलोमीटरहून दूर आहे. सैलानी मात्र शेजारीच आहे, आणि तिथे आईला मुलीजवळ राहता येतं.

या जवळिकीची दुसरी बाजूही आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण पळताच न आल्याने जळून मेले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं हा गुन्हा ठरवला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळी घालण्यावर बंदी आणली. हे कायदे अत्यंत गरजेचे आहेत. पण कायदा साखळी तोडतो, साखळी तुटल्यावर माणसाने कुठे जायचं याचं उत्तर समाजाला द्यावं लागतं.

त्याची सुरुवात याच जिल्ह्यात दिसते. चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचा सेवासंकल्प प्रकल्प रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना घर देतो. शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांसाठी सरकारने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बुलढाणाही आहे. ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक कोणत्याही खेड्यातून फुकट लागतो. गुजरातेत उंझ्याजवळच्या मीरा दातार दर्ग्यात तर ‘दवा आणि दुआ’ उपक्रमातून आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावर स्वतः रुग्णांना त्यांच्याकडे पाठवू लागले.

सैलानीलाही हेच व्हावं असं मला मनापासून वाटतं. श्रद्धेची थट्टा केल्याने त्या आईचा विश्वास मिळणार नाही, आणि नुसत्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांनीही नाही. त्या मुलीला औषधाची गरज असू शकते. तिला कोणीतरी शेजारी बसून विचारण्याची गरज मात्र नक्कीच आहे. वुंट यांनी मन मोजायला शिकवलं, जाने यांनी ऐकायला. या दोन्ही शिकवणी घेतलेला एक समुपदेशक दर्ग्याच्या दारात रोज बसला, तर मनाचं शास्त्र राजूर घाट चढून आलं असं म्हणता येईल.