तिथीची पाऊणपट

संकष्टीला आईचे दोन फोन ठरलेले. सकाळी एक, आज चतुर्थी आहे हे सांगायला, आणि रात्री एक, चंद्र दिसला म्हणून. माघातल्या त्या दिवशी सकाळच्या फोनवर मधेच बाबांनी ताबा घेतला. भिलाईत चाळीस वर्षं काढूनही त्यांची मराठी भंडाऱ्याचीच आहे.

"काय करून राहिला रे आज?"

"नदीवर जातोय. दुपारी."

"वारं आहे?"

"अजून नाही. येईल."

"अन् मग आत्तापासून काय करतं?"

आत्तापासून मी गणित करत होतो. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. तीन वाजता भरती. हा हिशोब मुंबई-रत्नागिरीकडे बसतो. गोव्यात भरती थोडी आधी येते, म्हणून मांडवीच्या मुखाशी मी दोन-सव्वादोन धरतो. मग कोष्टक उघडून पडताळतो. जुळलं की उगाचच पंचांगकर्त्याचा रुबाब चढतो.

ज्या मुलाचं बालपण भिलाईच्या खुर्सीपारात गेलं, त्याला या गोष्टीचं अप्रूप असणारच. आमचं पाणी म्हणजे पोलाद कारखान्यासाठी साठवलेलं मरोदा तलावाचं पाणी, कालव्यातून येणारं, मोजून सोडलेलं. नदी म्हणजे दुर्गची शिवनाथ. पावसाळ्यात ती फुगायची, उन्हाळ्यात खडक दाखवायची, पण तिला उलटं वाहताना कोणी पाहिलेलं नाही. मांडवी दिवसातून दोनदा उलटी वाहते आणि हा समुद्राचा धक्का चाळीस-पन्नास किलोमीटर आतपर्यंत पोचतो. पहिल्यांदा पणजीच्या धक्क्यावर उभा राहून वाहत आलेला नारळ डोंगराच्या दिशेने चाललेला पाहिला, तेव्हा मी मागे वळून समुद्र नक्की कुठल्या बाजूला आहे ते तपासलं होतं.

तर, नदीवर मी जातो ते फॉइलसाठी. विंडसर्फिंगच्या बोर्डाखाली जिथे एक साधा पर असतो, तिथे जवळपास मीटरभर लांबीचा कार्बनचा खांब लावायचा आणि त्याच्या टोकाला विमानासारखे पंख, पुढे मोठा, मागे छोटा. पाण्यातून वेगाने गेलं की पंख वर उचलतात आणि बोर्ड पाणी सोडतो. पॅरिसच्या 2024च्या ऑलिंपिकमध्ये याच प्रकाराची पहिल्यांदा शर्यत झाली. त्यातल्या पुरुषांच्या गटात शीड 9 चौरस मीटरचं आणि पुढचा पंख 900 चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे शिडाचा शंभरावा भाग. पंख एवढासा पुरतो, कारण पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड आहे. वर हवेची अख्खी चादर ताणायची आणि खाली पाण्याच्या ताटलीएवढ्या तुकड्यावर उभं राहायचं, असा हा व्यवहार. माझं शीड लहान आणि पंख मोठा. दोन्ही जुन्या बाजारातले. मला शर्यत करायची नाही. मला पन्नाशीत गुडघे सांभाळायचे आहेत.

एक वाजता वारा आला, वायव्येकडून. भरती अजून चालू होती. वाराही आत, नदीही आत. बघणाऱ्याला वाटतं, छान, दोघं एकाच दिशेला. पण शिडाला जमीन कळत नाही. त्याला कळतं ते फक्त आपण ज्या पाण्यावर आहोत त्याच्यावरून जाणारी हवा. वारा दहा नॉट आणि पाणी त्याच्याच दिशेने दोन नॉट चाललं असेल तर शिडाच्या वाट्याला आठच येतात. ओहोटी लागली की तेच दोन नॉट उलटे होतात आणि आठाचे बारा. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौसष्टाचे एकशे चव्वेचाळीस. सव्वादोनपट! झाडाचं पान जास्त हललेलं नाही, किनाऱ्यावरच्या झेंड्याला काही कळलेलं नाही, आणि इकडे हाताला दुसराच वारा लागतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही. दोन हंगाम मी मांडवीचा वारा लहरी आहे म्हणत होतो.

त्या दिवशी पहिला तासभर नुसती खटपट. बोर्ड वर यायचा, दोन श्वास टिकायचा, बसायचा. मग सव्वादोनला पाणी थबकलं. बेतीच्या बाजूचा फेरीबोटींचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटतो अशा वेळी. रेईश मागूशच्या किल्ल्याखाली एक होडी नांगराभोवती कुठे तोंड करावं हे न ठरवता रेंगाळत होती. मी पाण्यात बसून राहिलो. पाऊण तासाने होडीने तोंड फिरवलं आणि मी शीड उचललं.

वर आलो. बोर्डाची थपथप थांबली. हे वर्णन करायचा मोह फार होतो आणि ते नेहमी बिघडतं, म्हणून एवढंच सांगतो की खालच्या खांबाची बारीक गुणगुण ऐकू येते.

आणि लगेच नाक वर चढायला लागलं. इथेच सगळी कारागिरी आहे. पंख पृष्ठभागाच्या फार जवळ आला तर हवा ओढून घेतो, उचल क्षणात जाते आणि माणूस शिडासकट तोंडावर. म्हणून घाबरून पुढे जोर टाकावा, तर बोर्ड धाडकन खाली, मग मागे जोर, मग पुन्हा वर. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. पहिलं वर्ष मी असाच आपटत होतो. सुटीत घरी गेल्यावर बाबांना टेबलावर हात वरखाली करून दाखवलं. ते कारखान्यात क्रेन चालवायचे, वर केबिनमध्ये बसून, खाली टनावारी लोखंड लटकलेलं. हात बघून म्हणाले, "लोड झुलला अन् तू घाबरून ब्रेक मारला, तर तो अजून झुलते. तो जाते तिकडं क्रेन न्यायची. थोडीशी. पण वेळेवर." मग आईला, "चहा दे त्याला, पडून पडून आला."

थोडीशी, पण वेळेवर. नाक चढल्यावर नाही, चढायच्या बेतात असताना. पुढच्या पायाचा अंगठा दाबायचा, बस. गुडघा नको, कंबर नको. साडेतीन ते पाच मी मिरामार ते रेईश मागूश अशा तिरक्या फेऱ्या मारल्या. वाऱ्याविरुद्धच्या ओहोटीने पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठल्या होत्या. बोर्ड पाण्यावर टेकलेला असता तर दात खिळखिळे झाले असते. वरून त्या नुसत्या दिसत होत्या. दोनदा आपटलो, एकदा पंखात प्लास्टिकची पिशवी अडकून. तिला अंगठ्याने काही फरक पडत नाही.

पाचला बाहेर. ओहोटीत वारा मेला तर नदी तुम्हाला आग्वादच्या पुढे दर्यावर नेऊन सोडते. माझं एकदा झालंय. एका मच्छीमाराने दोरी टाकून ओढून आणलं, एक शब्द न बोलता, आणि ते न बोलणंच जास्त लागलं.

रात्री नऊच्या सुमारास आईचा फोन आला. चंद्र दिसला, आरती झाली, ते दोघं जेवायला बसतायत. मी खिडकीत गेलो. भिलाई पणजीहून साडेसात अंश पूर्वेला आहे. तिथला चंद्र माझ्याकडे यायला अर्धा तास लागतो.

"दिसला का?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"मग थांब," ती म्हणाली. मागून बाबांचा आवाज आला, "पडला का आज?"

"दोनदा."

खाली नदी पुन्हा आत वळत होती.