धावपट्टीवरचा हातभर तुकडा

मुंबईत घाटकोपर-कुर्ल्याकडे गेलात तर मान वर करून पाहा. गच्च्यांवरून विमान इतकं खालून जातं, की त्याची चाकंसुद्धा दिसतात! चला, आज त्याच्या मागोमाग छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर जाऊ या.

धावपट्टीच्या टोकाला मोठ्ठा आकडा रंगवलेला आहे : २७. म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिम दिशा. शेवटचं शून्य गाळायचं. दुसऱ्या टोकाला आहे ०९, म्हणजे पूर्व. ही पट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे. दुसरी धावपट्टी तिला छेदून जाते. त्यामुळे सहसा एका वेळी एकच वापरतात.

मग इथे अपघात होऊ नयेत म्हणून काय करतात? बॅगा तपासणारे जवान तुम्हाला माहीत असतील. ते घातपात रोखतात. पण कुणाच्याही मनात वाईट नसताना होणारे अपघात कसे टाळायचे?

२५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या धावपट्टीवर हातभर लांबीची धातूची पट्टी पडली होती. आधी उडालेल्या विमानाची ती गळून पडलेली. तिच्यावरून जाताना काँकॉर्ड विमानाचा टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला आणि आग लागली. ११३ माणसं गेली. केवढीशी पट्टी, आणि केवढा अनर्थ!

म्हणूनच धावपट्टीची दिवसातून अनेकदा गाडीने पाहणी होते. खिळा, खडा, काहीही असो, उचलायचं. टायरांचं रबर घासून पट्टीवर चिकटतं आणि पावसात चाकं घसरू शकतात. म्हणून तेही खरवडून काढतात. मुंबईत पावसाळ्याआधी धावपट्ट्या काही तास बंद ठेवून डागडुजी करतात, ती याचसाठी. उघड्यावरच्या कचऱ्याला घारी जमतात आणि विमानाच्या इंजिनात शिरू शकतात. म्हणून पक्ष्यांवरही लक्ष ठेवावं लागतं.

धोका आधीच शोधायचा, तो किती मोठा ते ठरवायचं, उपाय करायचा आणि उपाय लागू पडला का ते पुन्हा तपासायचं. या पद्धतीला 'सुरक्षितता व्यवस्थापन प्रणाली' म्हणतात. जगातल्या देशांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियमावलीच काढली.

तिच्यातली एक गोष्ट आईबाबांनाही वाचून दाखवा हं! समजा, एखाद्या कामगाराच्या हातून शिडी विमानाला घासली. ओरडा बसेल म्हणून तो गप्प राहिला, तर तेच विमान प्रवासी घेऊन उडेल. म्हणून प्रामाणिक चूक सांगणाऱ्याला शिक्षा करायची नाही, असं हे शास्त्र सांगतं. मुद्दाम केलेल्या बेपर्वाईला मात्र माफी नाही. घरी फुटलेली काच लपवली, तर ती कुणाच्या तरी पायात जातेच ना?

आता तुमचं काम. विमानतळाजवळ राहत असाल तर तिथे पतंग उडवू नका, कचरा उघड्यावर टाकू नका. आणि उद्या शाळेत हिंडून पाच धोके शोधा : सुटलेली फरशी, लोंबणारी वायर, ओला जिना. यादी बाईंना किंवा गुरुजींना नेऊन द्या. आठवड्याने पुन्हा बघा, त्यातले किती कमी झाले!