न झिजलेलं बटण

लेण्याद्रीच्या पायथ्याशी प्रसादाच्या दुकानात एक जुना कॅल्क्युलेटर होता. अधिकाची खूण बोटांनी पार पुसलेली, शून्य तेलकट, आणि वर्गमुळाचं बटण मात्र कोरं करकरीत. नारळ-पेढ्यांच्या हिशेबात वर्गमूळ कुणाला लागतंय! वर लेण्यात जायच्या पायऱ्यांचा आकडा जो तो वेगळा सांगतो. मी आपले सरळ तीनशे धरले आणि ते बटण दाबलं. 17.320508. दुकानदार म्हणाले, "दादा, पेढे किती देऊ?"

पायऱ्या चढताना शाळेतल्या गणिताच्या बाई आठवल्या. बाई वर्गमूळ भागाकाराच्या रीतीनं काढायला लावत. आधी उजवीकडून जोड्या पाडायच्या. तीनशेचा तीन एकटा उरतो. एकाचा वर्ग एक, बाकी दोन. शून्याची जोडी खाली उतरवली की झाले दोनशे. वर आलेल्या एकाची दुप्पट डावीकडे मांडायची, आणि तिच्यापुढे असा अंक शोधायचा की त्याच अंकानं गुणल्यावर दोनशेच्या आत बसेल. सत्तावीस साती एकशे एकोणनव्वद. अठ्ठावीस आठे चालत नाही, हे मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडून सांगायचंच. बाकी अकरा. आता दशांश चिन्ह, पुन्हा एक जोडी, सतराची दुप्पट चौतीस, पुढे तीन. सतरा पूर्णांक तीन. "पुरे," बाई म्हणत आणि खडू ठेवत. कुठं थांबायचं ते त्या ठरवत. पुढे कॉलेजात लॉग टेबल आलं: लॉग काढा, निम्मा करा, अँटिलॉग बघा. उत्तर झटक्यात येई, पण सात कुठून आला ते कळत नसे. मला अजून बाईंचीच रीत आवडते.

जोड्या पाडायच्या तर अंकाला जागेची किंमत हवी. इथून जवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी त्यात आकड्यांनी मोजली आहेत. पण दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची वेगळी, शून्य नाहीच. त्या आकड्यांच्या जोड्या कशा पाडणार? आर्यभटानं 499 साली 'वर्ग' आणि 'अवर्ग' अशी एकाआड एक स्थानं धरून वर्गमुळाची रीत एका श्लोकात बसवली. बाईंची रीत मुळात तीच.

वर पोहोचलो. गणपतीच्या, म्हणजे गिरिजात्मजाच्या लेण्यात आतल्या बाजूला खांब नाहीत. एवढा मोठा मंडप, आणि मधे आधाराला काही नाही. कर्ण म्हणजेही वर्गमूळच. घराचा पाया आखताना गवंडी दोन्ही कर्णांना दोरी लावून काटकोन तपासतो. इथं ती दोरी ताणणार कशी? खडक बाहेर निघाल्याशिवाय कर्ण दिसतच नाही, आणि निघाल्यावर दुरुस्तीला जागा नाही.

परतताना नारायणगावावरून खोडदला वळलो. तिथं आणि आसपास पसरलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, दूरच्या आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरी इतक्या क्षीण की उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जातात. निरीक्षण लांबवलं की गोंगाट घटतो, पण वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबानं. तो निम्मा करायचा तर चौपट वेळ द्यायचा, दशांश करायचा तर शंभरपट. इथं घाई करून भागत नाही. मला मात्र भूक लागली होती. जुन्नरकडे येऊन मासवडी न खाता परतणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.