पायडल लागत नव्हतं

मामीला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा क्षयरोग, निघाला आणि औषधांच्या यादीबरोबर तपासण्यांचं वेळापत्रकही हातात पडलं. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन, सहा महिने. भारतात या उपचाराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. थुंकी तपासतात ते तिला पटत होतं. पण दुखणं छातीत, मग डोळे नि पाय कशाला बघतात, असं ती दर वेळी रांगेत मला विचारायची.

ईसीजीचं कारण मला कळलं होतं. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्हींमुळे हृदयाचं ‘क्यूटी’ अंतर लांबू शकतं. ते ५०० मिलिसेकंदांच्या पुढे गेलं, तर ठोके जिवावर बेतण्याइतके बिघडू शकतात. लिनेझोलिडने हिमोग्लोबिन उतरतं, म्हणून रक्त. डोळ्यांची नसही त्यानेच बिघडते, म्हणून ठिपक्यांतले आकडे ओळखायचे. मामी ब्लाऊज शिवते. “रोज अस्तर मॅचिंग करते मी, मला काय रंग दाखवताय?” म्हणत ती सगळे आकडे धडाधड वाचायची.

पायांच्या नसाही लिनेझोलिडने बिघडू शकतात, म्हणून पाय. पायांचं मात्र तिने लपवलं.

“काही त्रास?” या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं: “काही नाही.” रांग मोठी, सिस्टर घाईत, पुढचा नंबर. औषध बंद केलं तर सगळं पहिल्यापासून, ही धास्ती तिच्या मनात होती, आणि माझ्या मते असं लपवणारी ती एकटी नसणार. एकदा दुसऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी विचारलं, “मावशी, चालताना चप्पल निसटली तर कळतं का?” मामी गप्प. मग म्हणाली, “मशीनचं पायडल लागत नाही पायाला.” ट्यूनिंग फोर्क घोट्याला लावला, तर थरथर तिला जेमतेम जाणवली.

डॉक्टरांनी लिनेझोलिडचा डोस ६०० वरून ३०० मिलिग्रॅमवर आणला. बाकी गोळ्या चालू राहिल्या. मुळात ६०० हा आकडाही असाच त्रास मोजून ठरलाय. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी चाचणीत १०९ रुग्णांना रोज १२०० मिलिग्रॅम दिलं. ९० टक्के बरे झाले, पण ८१ टक्क्यांच्या नसांना इजा झाली. पुढच्या झेनिक्स चाचणीत ६०० मिलिग्रॅम २६ आठवडे घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं, आणि ९१ टक्के बरे झाले. कुणीतरी प्रत्येकाचे पाय तपासले होते, म्हणून हे कळलं.

मामीच्या बधिरतेचाही फॉर्म भरला गेला. औषधाचा त्रास कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे. रुग्ण स्वतःही फोन करू शकतो. आमच्या रांगेत तो कुणालाच ठाऊक नव्हता.

कोर्स संपला, थुंकी निगेटिव्ह आली. तळव्यांच्या मुंग्या थोड्या राहिल्या आहेत. आता दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचंय, आणि मामीने मशीनला मोटर बसवून घेतली आहे.