वीस टक्के म्हणजे किती?

शनिवारी मंडईत भाजी आणायला जाणं हा माझा आठवड्यातला एकमेव व्यायाम. परवा आमच्या नेहमीच्या मेथीवाल्या मावशी समोरच्या मेडिकलमधून येताना दिसल्या. हातात कात्रीने कापलेली पट्टी, बीपीच्या चार गोळ्या. "अहो मावशी, अख्खी पट्टी घ्यायची ना!" मी आपला आगाऊपणा केला. तर म्हणाल्या, "पट्टी घेतली तर उद्याच्या मालाला पैसे कुठून आणू दादा?"

मग मेडिकलवाल्या काकांना विचारलं, स्वस्तातली गोळी का नाही देत? ते वैतागले. "डॉक्टरांनी ब्रँड लिहिलाय. मी दुसऱ्या कंपनीची दिली तर नियम मोडला. तीच दिली तर मावशी चारच घेणार. मी करू काय?"

काकांचं खरं आहे. औषध तेच असलं तरी चिठ्ठीवरचा ब्रँड दुकानदाराला परस्पर बदलता येत नाही, कायदाच तसा आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला!

आता तुम्ही म्हणाल, जनऔषधी केंद्रं आहेत की. आहेत, आणि औषधं खरोखरच निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. पण ह्या योजनेचा इतिहास बघा. पहिलं दुकान २००८ साली अमृतसरला निघालं. २०१४ मध्ये देशभरात मिळून जेमतेम ८० चालू होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये मात्र दहा हजारावं केंद्र उघडलं. मधल्या काळात स्वस्त औषध तर तेच होतं, मग बदललं काय? इतरही कारणं आहेत, पण एक मोठं कारण म्हणजे दुकान चालवणाऱ्याला पैसे मिळायला लागले.

बऱ्याच जणांना वाटतं ही सरकारी दुकानं आहेत. तसं नाहीये. बहुतेक केंद्रं तुमच्याआमच्यासारखी माणसं चालवतात. किमान १२० चौरस फूट जागा, एक फार्मासिस्ट आणि किमतीवर २० टक्के कमिशन.

आणि बग नेमका इथेच आहे (सवय जात नाही, काय करणार). टक्केवारी किमतीवर आहे. समजा बाजारात एक पट्टी १०० रुपयांना आहे. साध्या मेडिकलला त्यात १६ ते २० रुपये सुटतात. जनऔषधीत तीच २० रुपयांना असेल तर सुटणार ४ रुपये. भाडं तेच, वीजबिल तेच, फार्मासिस्टचा पगारही तोच. म्हणजे औषध जितकं स्वस्त, तितका दुकानदार खड्ड्यात!

सरकारने ह्यावर पॅच मारलाय. महिन्याच्या खरेदीच्या २० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये प्रोत्साहन. पण एकूण मर्यादा ५ लाख. दरमहा पूर्ण मिळालं तर २५ महिन्यांत खलास. पुढे काय? आणि काकांसारख्या साध्या मेडिकलवाल्याला तर तेही नाही. त्यांच्या वाट्याला ॲपवाल्यांची सवलत. (ऑनलाइन विक्रीविरुद्ध औषध दुकानदारांनी २०१७ आणि २०१८ मध्ये देशभर एकेक दिवस बंदही पाळला. आपण तेव्हा ॲपवरच ऑर्डर करत होतो, असो.)

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा औषध दुकानाला दिलेल्या प्रत्येक औषधामागे ठरावीक फी देते. औषध १० रुपयांचं असो की १००० चं, चिठ्ठी वाचायची आणि समजावून द्यायची मेहनत सारखीच. आपल्याकडेही जेनेरिक देणाऱ्या कुठल्याही छोट्या मेडिकलला अशी फी का देऊ नये? सोबत ब्रँड बदलायची परवानगीही हवी, नाहीतर फी घेऊन करणार काय?

"लोक बोगस बिलं फाडतील" हा आक्षेप येणारच. येऊ दे. जनऔषधीची बिलं आत्ताही कॉम्प्युटरवरच बनतात, ती तपासण्याइतकं सॉफ्टवेअर आपल्या पुण्यात नक्कीच लिहिलं जातं.

दुकानदाराला कशाला पोसायचं, असंही कोणी म्हणेल. पण गोदामातलं स्वस्त औषध पेशंटपर्यंत पोचवतो तो दुकानदारच. त्याला दिलेला पैसा हा औषधाच्या किमतीचाच भाग धरायला हवा. मला तरी हा हिशोब सरळ वाटतो. तुम्हाला कुठे चुकतोय असं वाटलं तर जरूर सांगा.